आई दिसत नाहीये!

"आई, तू भिंतीतूनसुद्धा दिसतेस!" सहा वर्षांची रेवती दाराबाहेरून ओरडली. इस्पितळाने दिलेला, अदृश्य किरण दाखवणारा गॅमा-चष्मा तिच्या नाकावरून सारखा घसरत होता.

आतल्या खोलीत एकटीच राहणाऱ्या हेमांगीला हसू आलं. गळ्यातल्या कर्करोगासाठी तिने किरणोत्सारी आयोडीन घेतलं होतं.

"अगं, या औषधातून दोन प्रकारचे किरण निघतात," ती म्हणाली. "बीटा किरण गाठीपाशीच थांबतात आणि तिचा समाचार घेतात. गॅमा किरण मात्र माझ्यातून, भिंतीतून थेट तुझ्यापर्यंत पोचतात. म्हणून तू लांब थांबायचं."

"किती दिवस?"

"मी चष्म्यातून दिसेनाशी होईपर्यंत."

रेवती रोज अंगणातून डोकावायची. चष्म्यातली निळसर आई दिवसेंदिवस फिकी होत चालली होती. लेकीला जवळ घेता येत नाही म्हणून हेमांगीचा जीव तुटायचा.

विसाव्या दिवशी सकाळी बाहेर एकच आरडाओरडा झाला. "बाबा, आई दिसत नाहीये! कुठ्ठेच दिसत नाहीये!"

हेमांगीने धावत जाऊन कडी काढली. रेवती इतक्या जोरात येऊन आदळली, की दोघी धपकन जमिनीवर बसल्या आणि हसत सुटल्या. मग हेमांगीने लेकीच्या तेलकट केसांत नाक खुपसलं, ते कितीतरी वेळ वर काढलंच नाही.