डावी सुई

बाहेरचं फाटक वाजायच्या आत टाके उसवायला हवे होते. चामड्याच्या पिशवीच्या कडेला बसलेली अख्खी ओळ तिने कात्रीने कापली. दोऱ्याचे तुकडे मुठीत गोळा करून कचऱ्याच्या डब्यात, भाजीच्या देठांखाली सारले. मग डावा हात मांडीवर टाकून ती खुर्चीत बसून राहिली. टाके बिघडले होते म्हणून उसवले, असं नव्हतं. उलट इतके नीट टाके तिच्या हातून कित्येक वर्षांत पडले नव्हते.

लग्नाआधी तिला चामड्याचं वेड होतं. पाकिटं, पट्टे, खांद्याला अडकवायच्या पिशव्या. ती स्वतः कापायची, आरीने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायची. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी, मग मुलगी, मग सासूबाईंचं अंथरूण धरणं. नको कोणीच म्हटलं नाही. हत्यारांची पेटी आधी पलंगाखाली गेली, मग माळ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

नवरा जमिनीची मोजणी करायचा. नोकरीभर तो फिरतीवर असे. निवृत्त होऊन घरी आला, म्हणजे गॅलरीतल्या खुर्चीत आला. पेपर, मोबाइलवरचं बुद्धिबळ, डुलकी. दोघांचं बोलणं सिलिंडर आला का आणि पाणी भरलं का, एवढ्यावर भागायचं. भांडण म्हणाल तर नव्हतं. भांडायला लागतं तेवढंही बोलणं होत नव्हतं.

मग तिला झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. पाय लवकर सावरला. हात मात्र हटून बसला. व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एकदा विचारलं की काकूंना हाताने करायला काय आवडायचं? काही नाही, असं ती म्हणाली. तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला.

“चामडं. माळ्यावर पेटी आहे.”

त्याच्या हे लक्षात असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पेटी त्यानेच खाली काढली, त्यानेच पुसली.

चामड्याची ही शिलाई एका सुईने होत नाही. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया असतात. एकाच भोकातून एक उजवीकडून जाते, एक डावीकडून, आणि दोन्ही हातांनी सारखं ओढलं तरच टाका बसतो. तिचा उजवा हात तयार होता. डाव्याच्या जागी तो समोर खुर्ची ओढून बसला. पहिल्या दिवशी त्याने दोरा असा हिसडला की पतंग काटताय का, असं तिने विचारलं. आपण जन्मभर मोजणीच्या साखळ्या ओढल्यात, दोरे नाहीत, असं तो म्हणाला. पहिलं झालं ते किल्ल्यांचं पाकीट. ते इतकं वाकडं झालं की तिला टाकून द्यावंसं वाटलं. त्याने ते खिशात घातलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दाखवून आला.

रोज दोघं समोरासमोर बसू लागली, तशी बोलूही लागली. एकदा ऐन नोकरीत, हातात नकाशा असताना आपण रस्ता चुकलो होतो आणि एका गुराख्याने मुक्कामावर आणून सोडलं होतं, हे त्याने तिला इतक्या वर्षांनी सांगितलं. तिने एक्स्चेंजमधल्या दिवसांतलं एक जोडपं सांगितलं. ती दोघं नेमाने ट्रंककॉल लावायची आणि नुसतं हवापाण्याचं बोलायची. तिला त्यांचा हेवा वाटायचा. दुसऱ्या दिवशी ती उठून आली तर पेटी उघडलेली, सुया ओवलेल्या आणि तो खुर्चीत बसलेला.

तो समोर असायचाच, त्यामुळे शिवताना डाव्या हातावर कधी वेळच आली नव्हती. आज तो दोरा आणायला बाहेर पडला आणि तिने सहज डावी सुई धरून पाहिली. सुई पार निघाली. पुढचीही निघाली. ओळ पुरी झाली तेव्हा तिला हसू फुटलं. मग तिची नजर गॅलरीतल्या रिकाम्या खुर्चीवर गेली आणि तिने कात्री उचलली.

फाटक वाजलं. तो आत आला, त्याच्यामागून फिजिओथेरपिस्टही आली. दोघांची वाटेत गाठ पडली होती. मुलीने तिचा हात हातात घेतला, बोटं वाकवली, मूठ आवळायला सांगितली. तिने शक्य तेवढी सैल मूठ आवळली. तोवर त्याने नव्या दोऱ्यात दोन्ही सुया ओवल्या होत्या आणि नेहमीसारखी खुर्ची समोर ओढली होती. ते पाहून मुलीच्या कपाळाला आठी पडली.

“काका, हे काय? गेल्या महिन्यात फाटकापाशी मी तुम्हाला सांगितलं होतं ना, काकूंच्या हातात आता जोर आलाय, यापुढे त्यांना एकटीनेच शिवू द्या म्हणून? तुम्ही त्यांना बोलला नाहीत?”

तो मान खाली घालून दोऱ्याला मेण लावत राहिला. दोरा आधीच मेण लावलेला होता. त्याचे कान लाल झाले होते.

तिने त्याच्याकडे पाहिलं. डावी सुई उचलून त्याच्या बोटांत दिली.

“सांगितलं होतं की यांनी,” ती मुलीला म्हणाली. “मीच ऐकत नाही.”