मेजर अजून चावतो

“चाव की रे मेल्या! एकदाच चाव!” डोरीन विनवण्या करत होती.

मेजरने तिचं बोट हुंगलं, चाटलं आणि स्वेटरच्या बाहीत शिरून तो आडवा झाला. डोरीनने कपाळावर हात मारला. तीन वाजत आले होते. तीनला क्लिफ येणार, मुंगसासारखा लांबुडका हा फेरेट माणसाळलाय हे बघणार आणि त्याला पेटीत घालून कायमचा घेऊन जाणार.

गंमत म्हणजे हे तिचं तिनेच मागितलं होतं. मेजर तिच्या नवऱ्याचा, रेगचा. कोळशाची खाण सुटल्यावर रेगला सशांच्या शिकारीचं वेड लागलं. मेजरला बिळात सोडायचं, घाबरलेला ससा दुसऱ्या तोंडाने बाहेर पडून जाळ्यात यायचा, आणि रात्री घरात सशाचा रस्सा रटरटायचा. पण मेजरची गट्टी फक्त रेगशी. बाकी सगळ्या यॉर्कशर परगण्याला तो दातांनीच भेटायचा. वसंतात रेग गेला, तेव्हा डोरीनचं सांत्वन करायला आलेल्या पाद्रीबाबांनी प्रेमाने पिंजऱ्याच्या जाळीतून अंगठा आत घातला. ते परत गेले ते अंगठ्याला पट्टी बांधूनच.

“हे ध्यान आधी घेऊन जा,” डोरीनने त्याच दिवशी क्लिफला सांगितलं.

क्लिफ खाणीत रेगच्या जोडीने कोळसा फोडायचा. आता दोन गल्ल्या पलीकडे एकटाच राहायचा. त्याची म्हातारी फेरेट मादी नुकतीच मेली होती आणि ससे फार झाले म्हणून एक शेतकरी त्याच्या मागे लागला होता. जनावर त्याला हवंच होतं.

“नेतो. पण चावरा फेरेट शिकारीवर काय कामाचा?” तो टोपी हातात फिरवत म्हणाला. “आधी खोड मोडू. इथंच शिकू दे त्याला, घर ओळखीचं आहे त्याच्या. मी येत जाईन रविवारी.”

मग रविवारची शिकवणी सुरू झाली.

“बोट नाही गं, मूठ! मुठीवर कातडं ताणलेलं असतं, त्याच्या दाताला काही सापडत नाही.”

“सापडलं की! हे बघ रक्त!”

“हात ओढलास कशाला? चावलं की माणूस पळतो, हेच शिकला ना तो! राहू दे तिथंच. शिव्या दे हव्या तर, पण हात हलवू नको.”

डोरीनने शिव्या दिल्या. अशा दिल्या की खाणीत उभं आयुष्य काढलेला क्लिफ लाजला. पण हात हलवला नाही. मग दुधात बुडवलेली मूठ पुढे करायची, चाटलं की लाड, दात लावला की मान धरून नाही म्हणायचं. क्लिफ फक्त रविवारी शिकवायचा. डोरीन रोज सराव करायची. उन्हाळा संपायच्या आत मेजर तिच्या गळ्यात पडून राहायला लागला आणि ती खाली बटाटे सोलत बसायला लागली.

तिथेच सगळं बिघडलं. मेजर गेला असता तर तिला रडू आलं असतं, हे खरं. पण तो गेल्यावर रविवारी दार कोण वाजवणार? शनिवारी आल्याचा केक भाजायचा, केस कुरळे करायचे, हे कुणासाठी? आठवडाभर ती त्या दुपारची वाट पाहायची, आणि स्वतःशी तरी ती आता हे नाकारत नव्हती.

म्हणून तिने थापा मारायला सुरुवात केली. मेजर दूधवाल्याला चावला. मेजर कोळसेवाल्याला चावला. क्लिफ गंभीरपणे मान हलवायचा आणि केकचा दुसरा तुकडा घ्यायचा. पण गेल्या रविवारी निघताना तो म्हणाला, “शेतकरी आता दुसऱ्याला बोलावतो म्हणतोय. पुढच्या खेपेला मीच हात घालून बघतो.”

फाटक वाजलं. क्लिफच्या खांद्याला लाकडी पेटी होती. ती पाहताच डोरीन लगबगीने पुढे झाली.

“चावतो अजून,” तो टोपी काढतोय तोवर ती बोलून मोकळी झाली. “कालच चावला. इथं.”

“कुठं? काही दिसत नाही.”

“भरलं ते.”

“एका रात्रीत?”

“माझं कातडं चांगलं आहे.”

“असेल,” क्लिफ म्हणाला. “आण इकडे त्याला.”

त्याने मेजरला टेबलावर ठेवलं आणि नाकासमोर हात धरला. मूठ नाही, सरळ उघडं बोट. मेजरने बोट हुंगलं. मग चाटलं. मग जांभई दिली, हनुवटी त्याच बोटावर टेकवली आणि डोळे मिटले. नालायक!

क्लिफ बराच वेळ मेजरकडे बघत राहिला. मग केककडे. मग टेबलावर मांडून ठेवलेल्या दोन कपांकडे. डोरीनने मान खाली घातली. आता कबूल करून टाकावं, असं तिच्या मनात आलं.

“आई गं! मेलो!”

डोरीन दचकली. मेजरही दचकून जागा झाला. क्लिफ बोट तोंडात घालून स्वयंपाकघरभर नाचत होता.

“कुठं चावला?” डोरीनने त्याचा हात ओढून पाहिला. बोटावर ओरखडासुद्धा नव्हता.

“आतून आहे ते, तुला नाही दिसायचं. फार वाईट जनावर, डोरीन. शिकवण्यात हा हिवाळा तरी जाईलच.”

“आणि तुझा शेतकरी?”

“बोलावू दे की दुसऱ्याला,” क्लिफने पेटी दाराबाहेर नेऊन ठेवली आणि खुर्ची ओढून बसला. “आणि हे बघ, नुसत्या रविवारने भागायचं नाही. बुधवारी पण यावं लागेल मला.”