फरशीचा उतार

काटा एकवीसशेवर जाऊन थांबला आणि पुढे हलेचना.

विमानाची शेपटी लोखंडी खांबाला दोराने जखडली होती, चाकांपुढे ओंडके होते आणि धाकटा आत बसून इंजिनाचा जीव काढत होता. ताई पंखामागे उभी राहून, वाकून काटा बघत होती. गेल्या रविवारी याच खांबाला बांधून, याच इंजिनाने मिनिटाला चोवीसशे फेरे दिले होते. आठवड्याभरात तीनशे फेरे गेले कुठे?

"बंद कर!" ती ओरडली.

इंजिन बंद झालं, तशा पहिलं उड्डाण बघायला आलेल्या, गर्दीसाठी बांधलेल्या दोरीपलीकडच्या पन्नासेक माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. सगळ्यांत पुढे खुर्ची टाकून धाकट्याचे सासरे बसले होते. जावयाच्या या घरी विमान बांधायच्या उद्योगाला सात वर्षं 'पत्र्याचं खूळ' म्हणत आलेले, ते आज इस्त्रीचे कपडे घालून आले होते.

"काटा बिघडलाय," धाकटा उतरता उतरता म्हणाला. "वर गेलं की वाढतील फेरे."

"बरा आजच बिघडला!"

"ताई, आता सुरू करू नकोस हं. सगळे बघतायत."

हेल्मेट आणायला तो शेडमध्ये शिरला. ती मागोमाग गेली. तीस वर्षं ट्रकची इंजिनं खोलण्यात गेली होती तिची. काटा खोटं बोलतोय की माणूस, एवढं तिला कळत होतं.

"काल प्रॉपेलर काढला होतास ना?"

"टोकांना लाल रंग दिला. फोटोत उठून दिसतो."

"आणि बसवताना पात्यांचा कोन?"

"मोजून बसवला. दोन्ही पाती सारखी, केसाचा फरक नाही. शपथ घेऊ?"

खोटं बोलत नव्हता तो. लहानपणापासून खोटं बोलला की याचे कान लाल व्हायचे, आणि आत्ता कान जागच्या जागी होते. म्हणूनच ती जास्त चिडली. समोरच्या स्टुलाला तिने एक लाथ हाणली. स्टुलावरचा नट खाली पडला, घरंगळत निघाला, दारापर्यंत गेला आणि उंबरा नसलेल्या त्या दारातून थेट बाहेर.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

"पाचर घातली होतीस चाकाखाली?" ताईने विचारलं.

आता कान लाल झाले.

फरशीला तीन अंशांचा उतार त्यानेच करून घेतला होता, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. कोनमापक विमान सपाट उभं आहे असंच धरून चालतो; त्यामुळे पात्यांचा कोन मोजण्याआधी चाकाखाली पाचर घालून विमान सपाटीला आणायचं, हा सात वर्षांचा नेम होता. काल रंगाच्या नादात तेवढंच राहिलं. दोन्ही पाती सारखी होती खरी, सारखीच चुकलेली. गरजेपेक्षा जास्त हवा कापू बघत होती आणि इंजिनाला ती ओढवत नव्हती. भरलेला ट्रक चौथ्या गिअरमध्ये घाटाला घालावा, तसं. आणि इथे घाट म्हणजे धावपट्टीच्या टोकाला असलेल्या विजेच्या तारा.

"आज उडायचं नाही," ताई म्हणाली. "पाती पुन्हा लावायला दोन तास, तोवर वारा सुटेल. पुढच्या रविवारी बघू."

"तीन अंशांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही कोसळत रे गाढवा, तू कोसळशील!"

"बाहेर सासरे बसलेत. नाक कापलं जाईल माझं."

"नाक गेलं तर जाऊ दे, मान राहू दे!"

त्याने हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला आणि तिच्याकडे न बघता चालू पडला. बाहेर पुन्हा टाळ्या झाल्या. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांच्या देखत दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं तिला. पण मार खाऊन ऐकणारा असता, तर शाळेतच सुधारला असता.

ती तरातरा गेली, पंखावर पाय दिला आणि बाजूच्या सीटवर बसून पट्टा बांधला.

"हे काय?" धाकटा खाली उभा राहून बघतच राहिला.

"चल. उडव."

"ताई, उतर. पहिल्या उड्डाणाला दुसरं माणूस घेत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"मीच लिहून लावलंय भिंतीवर. मोठ्या अक्षरांत."

"का लिहिलंस?"

"का म्हणजे? पहिल्यांदा काहीही होऊ शकतं. तू आत असलीस आणि..." तो थांबला.

"आणि? बोल ना. मघाशी तर काहीच होणार नव्हतं. बोल, तुझे सासरे ऐकतायत."

सासरे खरंच ऐकत होते. खुर्चीतून उठून, दोरीला हात लावून ते उभे होते. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. धाकट्याने एकदा तारांकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग हेल्मेट काढलं आणि दोरीकडे वळला.

"आज नाही," तो लोकांना म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "माझी चूक झाली. कोन चुकीचा लावलाय. आज नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. सासरे हसले नाहीत.

ताईने पट्टा सोडायला हात घातला. रागाने आवळलेलं बकल काही केल्या उघडेना. तिने त्याला हिसडे दिले, दोन शिव्या घातल्या. धाकटा धावत आला आणि पट्टा सोडवायला आत वाकला.

तिने त्याच्या हातावर फाडकन चापट मारली.

"मला हात लावू नकोस," ती म्हणाली. "आधी पाचर आण."