बोंबलाचा आवाज

प्रत्येक जीवाचा आवाज पवित्र आहे, हे मानवजातीने अखेर मान्य केले. ज्या माशाचा आवाज यंत्राने ओळखला, तो खायचा नाही, असा कायदा झाला. मग घोळ मासा बोलला, ढोमा बोलला, शिंगाळा तर बोलतच सुटला. किनाऱ्यावरच्या ताटांत आता फक्त मुका बोंबील उरला होता.

त्यामुळे तपासणीला आलेल्या केतकी मॅडमनी पाण्यात माइक सोडला आणि पडद्यावर 'बोंबील' असे उमटले, तेव्हा होडीवरच्या सगळ्यांनी जाळं ओढायचं थांबवलं.

"मॅडम, नावावर जाऊ नका," होडीचा मालक पद्मन तांडेल शेवटी म्हणाला. "तो बोंबलत नाही. आमच्या आजा-पणजानं कधी ऐकला नाही."

 मॅडमनी पुन्हा हेडफोन कानाला लावले. खाली हजारो बोंबील एका सुरात घुमत होते.

"उद्यापासून बंदी येईल," त्या पुटपुटल्या.

"मग आम्ही धरायचं काय?"

"जे बोलत नाही ते."

"सरकार सोडून मुकं कोण उरलंय?"

 दुपारी होडीवर बोंबीलच तळले होते. बंदी उद्यापासून होती, म्हणून मॅडमनी दोनदा मागून घेतले.