अर्धा चोक

शूटिंगवरून फोन आला तेव्हा अप्पा इंगवल्यांना वाटलं, मालिकेतल्या लग्नासाठी म्हणून विकलेली आपली जुनी ऑस्टिन रुसली असेल. खाणीवर पोचल्यावर कळलं, तिला कड्यावरून खाली टाकायची होती.

"अशी दुसरी उरली नाही हो," अप्पा दिग्दर्शकाला म्हणाले.

"म्हणूनच घेतली, काका. चालत्या गाडीचा शॉट पाहिजे आणि ही बया सुरूच होईना."

अप्पा आत बसले. इंजिन गेलंय म्हणून सांगायचं आणि टोचन करून घरी न्यायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दाखवण्यापुरती किल्ली फिरवली. पण चाळीस वर्षांची सवय. डाव्या हातानं आपसूक चोकची खुंटी अर्धी ओढली, त्याशिवाय ती कधी सुरूच व्हायची नाही.

पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या.

"झकास. उतरा आता, काका."