पात्र नसलेला कॉम्प्युटर

ऑफिसातला कॉम्प्युटर बारा वर्षांचा. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला गेलं की 'हा संगणक पात्र नाही' म्हणत सरळ हात वर करायचा. सगळ्या शाखांसाठी नव्या कॉम्प्युटरांची मागणी वर अडकून पडली होती, म्हणून क्लार्क स्वतःच कामाला लागला.

"नाही चालत म्हणून कळवा आणि मोकळे व्हा," शेजारच्या टायपिस्टबाई म्हणाल्या. "मला बाई यातलं काही कळत नाही."

त्याने ते हसण्यावारी नेलं. साधा प्रिंटर अडला तरी ज्या "अहो, जरा बघता का?" करतात, त्यांचं काय मनावर घ्यायचं?

तीन दिवस तो त्या खोक्याशी झटला. तपासणीला चकवून सिस्टिम आत घुसवायची युक्ती त्याने शोधून काढली, चार वेळा पहिल्यापासून सुरुवात केली, जेवणाचा डबा तसाच घरी नेला. चौथ्या दिवशी पडद्यावर 'स्वागत आहे' उमटलं. धापा टाकत का होईना, चाललं! त्याने लगेच साहेबांना फोन लावला.

साहेब भलतेच खूश झाले. "वा! मग नवे हवेत कशाला? मागणी रद्दच करतो. आणि बाकीच्या शाखांतले चाळीसही आता तुम्हीच करून टाका."

फोन ठेवून तो मटकन खुर्चीत बसला. बाईंनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"याच्यावरची आधीची सिस्टिम मीच अशी घुसवली होती," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हापासून मला यातलं काही कळत नाही."