तिसरी कडी

भाड्याच्या खोलीच्या दाराला आतून तीन कड्या होत्या. वरची घरमालकीण इंदुमतीबाईंनी स्वतः लावून घेतलेली. मधली, गेल्या वर्षी करार मोडून गेलेल्या मुलीनं बसवलेली. खालचीचे स्क्रू अजून चकाकत होते.

"अकरा महिन्यांचा करार हाय की! आता निघालीस तर डिपॉझिट इसर," इंदुमतीबाईंचा मुलगा विश्वजित दारात आडवा उभा राहून म्हणाला.

अवंतिका मान वर न करता बॅग भरत होती. "ठेवा तुमच्याकडंच. काकू, रिक्षा येईपर्यंत इथंच थांबाल?"

"आई, तू जा खाली. हिला मी समजावतो."

इंदुमतीबाईंनी खालच्या कडीवरून बोट फिरवलं आणि वर्षभर गिळलेलं शेवटी बोलल्या.

"विश्वजित, ह्या खोलीची तुझ्याकडची किल्ली दे. आन् तुझी बॅग भर. घर तू सोडायचं."